महापंडित राहुल सांकृत्यायन : घोड्यावरून धम्मग्रंथांच्या शोधात



१९२९ हे साल आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने विसरू नये असे आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर चिपळूणला आले होते. जिल्ह्यातील अस्पृश्य बांधवांची आणि खोतांच्या वेठीला जुंपलेल्या कुळांची दुःखे त्यांनी तेथे मांडली. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्या परिषदेच्या आठवणी तुम्हांला सांगितल्याही असतील.

त्याच महिन्यात, येथून शेकडो कोस दूर नेपाळच्या डोंगरात, एक ३६ वर्षांचा माणूस दडून बसला होता. अंगावर गरीब यात्रेकरूचे कपडे, जवळ थोडेसे पैसे, आणि मनात एकच ध्यास. भारतातून नाहीसे झालेले बौद्धांचे ग्रंथ तिबेटात आहेत, ते जाऊन शोधायचे. या माणसाचे नाव पुढे महापंडित राहुल सांकृत्यायन म्हणून देशभर झाले. आज त्यांची जीवनकथा तुम्हांला सांगावयाची आहे. आपण धम्म स्वीकारला, पण आपले ग्रंथ कोठे होते, ते कोणी व कसे परत आणले, हे आपल्या मुलाबाळांना ठाऊक असले पाहिजे, म्हणून हा प्रपंच.

घर सोडलेला मुलगा

राहुलजींचा जन्म ९ एप्रिल १८९३ रोजी उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्यात पंदहा या गावी आजोळी झाला. घरचे नाव केदारनाथ पांडे. जात ब्राह्मणाची. लहानपणीच घरच्यांनी त्यांचे लग्न लावून दिले. ज्या वयात मुलाला आपला सदरा नीट घालता येत नाही, त्या वयात त्याच्या गळ्यात संसार बांधला गेला. हे लग्न त्यांनी कधी मनाने मानले नाही. ते घरातून पळाले, पुन्हा आले, पुन्हा पळाले. अखेर बिहारमधील परसा येथील वैष्णव मठात ते साधू झाले आणि रामउदार दास हे नाव त्यांना मिळाले. मठाची गादी, जमीनजुमला, मानपान सारे समोर होते. पण ज्ञानाची भूक भागेना.

तेथून ते आर्य समाजाकडे वळले. आग्रा, लाहोर अशी भटकंती झाली. मग असहकाराच्या चळवळीत पडून त्यांनी तुरुंगवास भोगला. काँग्रेसचे काम करीत असतानाच बुद्धगयेचे महाविहार बौद्धांच्या हाती दिले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. अजून ते स्वतः बौद्ध झालेले नव्हते, ही गोष्ट ध्यानात घ्या.

तुम्ही म्हणाल, हा माणूस तर सारखी घरे बदलतो! खरे आहे. पण बदलामागे लहर नव्हती. प्रत्येक ठिकाणी त्यांनी प्रश्न विचारले, आणि उत्तर मिळेना तेव्हा तेथील गादीचा मोह न धरता ते पुढे निघाले. आपल्या वाडवडिलांनी जन्माने मिळालेला धर्म सोडताना हेच केले. फरक इतकाच की राहुलजींना सोडण्यासाठी गादी होती, आपल्याला सोडण्यासाठी गुलामी होती.

१९२७ मध्ये ते श्रीलंकेला गेले. कोलंबोजवळ केलनिया येथे विद्यालंकार परिवेण ही भिक्खूंची मोठी पाठशाळा आहे. तेथे त्यांनी संस्कृत शिकवावे आणि पाली शिकावी असे ठरले. दीड-पावणेदोन वर्षांत त्यांनी त्रिपिटकाचा असा अभ्यास केला की तेथील भिक्खूंनी त्यांना त्रिपिटकाचार्य ही पदवी दिली.

कोसंबींच्या वाटेने पुढे

येथे आपल्या कोकणाजवळच्या एका थोर माणसाची आठवण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोव्यातील साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी हे राहुलजींच्या आधी एक पिढी या वाटेने गेले होते. बुद्धाची शिकवण कोठे मिळेल या एकाच ध्यासाने घर सोडून ते काशीला आणि तेथून १९०२ च्या आरंभी नेपाळला गेले. नेपाळात धम्म जिवंत असेल ही त्यांची आशा होती. तेथे पाहिले तर धम्म कर्मकांडाखाली गाडलेला. निराश होऊन ते परतले, बुद्धगयेला आणि मग श्रीलंकेला गेले, पाली शिकले, आणि मराठीत बुद्धचरित्र व धम्म आणून आपल्यावर थोर उपकार करून गेले. हेच धर्मानंदजी १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले होते. शिरोडे तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे.

कोसंबी नेपाळातून श्रीलंकेला गेले, तर राहुलजी श्रीलंकेतून नेपाळमार्गे तिबेटला निघाले. असे उलटे का? कारण पाली त्रिपिटक श्रीलंकेत सुरक्षित राहिले होते; परंतु नालंदा, विक्रमशिला या महाविहारांत ज्या आचार्यांनी पुढे शतकानुशतके संस्कृतात ग्रंथ लिहिले, त्यांचे ग्रंथ भारतात जवळजवळ उरलेच नव्हते. इ. स. १२०० च्या सुमारास हे विहार उद्ध्वस्त झाले, पोथ्या जळाल्या, उरलेल्या दुर्लक्षाने कुजल्या. असंग, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती ही नावे विरोधकांनी केलेल्या खंडनातून तेवढी ऐकू येत. म्हणजे खटल्यात फिर्यादीचे म्हणणे दप्तरी आहे आणि आरोपीचा जबाब मात्र गहाळ आहे, अशी स्थिती! तो जबाब तिबेटात होता. कारण सातव्या शतकापासून तिबेटी लोकांनी भारतीय आचार्यांना बोलावून नेले, हजारो ग्रंथांची भाषांतरे करून घेतली आणि मूळ ताडपत्रेही जपून ठेवली.

भिकाऱ्याच्या वेषात

तिबेटात जाणे सोपे नव्हते. इंग्रजांच्या हद्दीतील माणसाला मोकळेपणी आत जाऊ देत नसत. नेपाळातही भारतीय यात्रेकरूंना शिवरात्रीच्या वेळी तेवढी मुभा असे. राहुलजी १९२९ च्या शिवरात्रीच्या यात्रेकरूंत मिसळून काठमांडूला गेले आणि यात्रा संपल्यावर परत न येता लपून राहिले. तिबेटी कपडे मिळविले, भाषा थोडीफार आत्मसात केली, आणि सुमती नावाच्या एका मंगोल भिक्खूच्या सोबतीने त्यांनी सीमा ओलांडली. जोखीम अशी की ओळख पटली तर परत पाठवणी ठरलेली.

ज्या वाटेने ते गेले ती नेपाळ-तिबेटची जुनी व्यापारी वाट. कालिंपोंगची वाट खुली होण्यापूर्वी हिंदुस्थानचा मालही याच वाटेने जाई. जागोजाग जुनी लष्करी ठाणी आणि ओस पडलेले किल्ले होते, आणि त्यांतच कोठे शेतकऱ्यांनी संसार थाटले होते. अशा घरांत हे दोन प्रवासी उतरत.

आता ही गोष्ट लक्षपूर्वक वाचा. तिबेटी घरात अनोळखी माणूस सरळ आत जाऊ शकतो, हे राहुलजींनी पाहिले. तेथे जात विचारीत नाहीत. शिवाशिव नाही. बायका पडद्यात नाहीत. अगदी फाटक्या भिकाऱ्याला चोरीच्या भीतीने कोणी आत घेणार नाही, एवढेच. बाकी कोणीही यावे, आपल्या झोळीतील चहा सासूच्या किंवा सुनेच्या हाती द्यावा. ती तो उकळून, त्यात लोणी, मीठ आणि सोडा घालून, लाकडाच्या उभ्या नळकांड्यात घुसळून, मातीच्या भांड्यात भरून देते. तिच्यावर भरवसा नसेल तर स्वतः चुलीपाशी बसून करून घ्यावा. चूलही बाटत नाही आणि भांडेही बाटत नाही.

याच वेळी आपल्याकडे काय चालले होते? कोकणातल्या कित्येक गावांत आपल्या माणसाला चहा मिळे तो अंगणाच्या कडेला, नारळाच्या करवंटीत, वरून ओतलेला. करवंटी त्याने स्वतः धुवायची आणि कुडाच्या बाहेर खोचून ठेवायची. चूल पाहणे तर दूरच. जन्माने ब्राह्मण असलेल्या त्या प्रवाशाने परमुलखातील चुलीपाशी बसून जे पाहिले, ते तो आयुष्यभर विसरला नाही.

घाटमाथा आणि मंद घोडा

पुढे थोङ्-ला हा घाट आला. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. हा घाट त्याच्या तिपटीहून उंच. दोन्ही बाजूंना कित्येक मैल गाव नाही. नदीच्या वळणांवर चोर दबा धरून बसत. माणूस मारला गेला तरी साक्षीदार मिळत नसे. बंदूक-पिस्तूल तर लोक काठीसारखे घेऊन हिंडत. राहुलजी आणि सुमती यांच्यापाशी शस्त्र नव्हते, पण भिकाऱ्याचा वेष होता. संशयास्पद माणूस दिसला की हे टोपी काढीत, तिबेटी रीतीप्रमाणे जीभ बाहेर काढून दया भाकीत आणि पैसा मागत. भिकाऱ्याला मारून कोणाला काय मिळणार?

पण पाठीवर ओझे घेऊन तो घाट चढणे अशक्य होते. म्हणून सुमतींना सांगून त्यांनी लङ्कोर या पुढच्या मुक्कामापर्यंत दोन घोडे ठरविले. घोड्यावरून ते माथ्यावर पोहोचले. तेथे दगडांचा ढीग, जनावरांची शिंगे आणि रंगीबेरंगी चिंध्यांच्या पताका लावलेले घाटदेवतेचे ठाणे होते. कोकणात घाटाच्या तोंडाशी असते तसेच. आजूबाजूला हिमशिखरांची रांग. उतरताना राहुलजींचा घोडा इतका सावकाश चालू लागला की सोबती पुढे निघून गेले. त्यांना वाटले, जनावर थकले असेल. मारून काय उपयोग? एके ठिकाणी वाट फुटत होती. ते डावीकडे वळले आणि मैल-दीड मैल गेल्यावर एका घरी विचारले, तेव्हा कळले की लङ्कोरची वाट उजवीकडची. परत फिरून ते दिवस कलताना मुक्कामी पोहोचले. सुमती वाट पाहून रागाने लाल झाले होते. चहा तापविण्यात त्यांच्या दोन टोपल्या गोवऱ्या जळाल्या होत्या. राहुलजींनी दोष घोड्यावर टाकला. सुमतींचा राग जितका लवकर आला तितकाच लवकर गेला.

त्या पुढे तिंग्रीचे विस्तीर्ण मैदान लागते, चहूकडून डोंगरांनी वेढलेले. या उंच मुलखात शेती थोडी आणि चराई फार. तेथे डोक्पा म्हणजे भटके पशुपालक राहतात. याकच्या केसांच्या काळ्या कापडाचे त्यांचे तंबू असतात. मध्यभागी शेणाच्या गोवऱ्यांची चूल आणि वर धूर जाण्यासाठी फट. याक, मेंढ्या आणि घोडे हीच त्यांची मालमत्ता. लोणी, लोकर आणि मीठ देऊन ते शेतकऱ्यांकडून जव घेतात. जव भाजून केलेले पीठ म्हणजे चम्पा, तेच त्यांचे अन्न. चारा संपला की तंबू मोडायचा, याकच्या पाठीवर लादायचा आणि पुढच्या कुरणावर जायचे. घोडा हा त्यांच्या दृष्टीने डामडौल नव्हे. पाय आहेत तसा घोडा आहे. पुरुष बसतो, बाई बसते, पोरही बसते.

एक घोडा तिबेटात, एक घोडा चाळीसगावात

वाचकहो, येथे मला तुम्हांला क्षणभर मागे न्यायचे आहे. ज्या १९२९ साली एक निर्वासित वेषातला हिंदी माणूस परक्या मुलखात भाड्याच्या घोड्यावरून निर्धास्त चालला होता, त्याच साली आपल्याच देशात, आपल्याच भाषेच्या मुलखात, चाळीसगाव स्टेशनवर बाबासाहेब उतरले. परदेशातील थोर विद्यापीठांच्या पदव्या घेतलेले, सरकारी चौकशी समितीचे सभासद असलेले बाबासाहेब! त्यांना महारवाड्यात न्यावयाचे होते, पण एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकण्यास तयार होईना. अस्पृश्याचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र आपल्याच माणसांतून काढावा लागला. त्या बिचाऱ्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, आणि घोडा-गाडी नदीत कोसळली. बाबासाहेबांचा पाय मोडला.

घोडा तोच. रस्ता रस्ताच. पण तिबेटात घोडा मंद चालला म्हणून एका माणसाला चहासाठी उशीर झाला, आणि येथे टांगेवाल्याच्या मनातील जातीमुळे बाबासाहेबांचा जीव जाता जाता वाचला. भारतात आजही आपल्या समाजाचा नवरदेव घोड्यावरून निघाला म्हणून वरात अडविल्याच्या बातम्या येतात. म्हणून राहुलजींचा घोडेप्रवास आपण नुसती मौजेची प्रवासकथा म्हणून वाचू शकत नाही.

गंडे वाटणारा भिक्खू आणि जमीनदार भिक्खू

पण तिबेट म्हणजे धम्माचा स्वर्ग होता, असे समजू नका. राहुलजींनी जे पाहिले ते झाकून ठेवले नाही, आणि आपणही झाकू नये.

सोबतीचे सुमती मनाने चांगले, पण त्यांचा व्यवसाय गंडे वाटण्याचा. बुद्धगयेहून आणलेल्या कापडाच्या चिंध्यांना गाठी मारून ते गावोगावच्या यजमानांना देत. बुद्धगयेचे कापड संपले, तेव्हा कोणत्याही कापडाच्या चिंध्या बुद्धगयेच्या म्हणून चालू लागल्या! यजमान श्रद्धेने गळ्यात बांधीत. एका-एका गावात सुमतींचे कित्येक दिवस यातच जात. ल्हासाला पोहोचल्यावर पैसे देतो, पण या यजमानांकडे जाऊ नका, अशी समजूत घालून राहुलजींना त्यांना पुढे न्यावे लागले.

आता प्रामाणिकपणे सांगा, आपल्या घरांत काय आहे? दीक्षा घेऊन, बावीस प्रतिज्ञा म्हणून झाल्यावरही मूल आजारी पडले की कोणी आजी हळूच दोरा बांधून आणते. भगताकडे जाणे बंद झाले, पण भिक्खूंनी दिलेला परित्राणाचा दोराच ताईत म्हणून मनगटावर राहिला. बुद्धगयेची चिंधी आणि भगताचा दोरा यांत फरक काय? बुद्धाने दुःखाचे कारण शोधायला सांगितले, दोऱ्यात बांधायला नव्हे. मुलाला ताप आला तर डॉक्टरकडे न्या आणि त्याच्याजवळ मैत्रीने बसा. धम्म त्यातच आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. तिबेटात जमीन लहानमोठ्या जहागीरदारांत वाटलेली होती आणि तिचा फार मोठा भाग मठांच्या ताब्यात होता. जहागिरीवर वेठीचे मजूर राबत. मठाकडून व्यवस्थेसाठी पाठविलेला भिक्खू त्या गावाचा राजाच असे. शेकर येथे राहुलजी अशाच एका भिक्खूच्या जहागिरीत उतरले. नम्से हे त्यांचे नाव. माणूस म्हणून ते सज्जन होते; फाटक्या वेषातील राहुलजींशी ते प्रेमाने वागले. त्यांच्या मंदिरात कंजूर म्हणजे बुद्धवचनांच्या हाताने लिहिलेल्या १०३ पोथ्या होत्या, एकेक पोथी पंधरा शेर वजनाची. राहुलजी त्या पोथ्यांत असे बुडाले की सुमती पुन्हा यजमानांकडे जाऊन आले तरी त्यांनी तक्रार केली नाही.

पण चिपळूणच्या परिषदेला गेलेला कोकणी शेतकरी तेथे असता, तर त्याने पोथ्यांबरोबर आणखी काही पाहिले असते. चीवर घातलेला खोत पाहिला असता. खोत सज्जन असला म्हणून वेठ गोड होत नाही. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले आणि पुढील जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा काउन्सिल हॉलवर नेला. खोती मोडण्याचा कायदा प्रत्यक्षात व्हायला १९४९ उजाडले. कोणाच्याही हाती जमीन आणि दुसऱ्याचे श्रम एकवटले की अन्याय होतो, मग अंगावर कोणतेही वस्त्र असो. राहुलजींच्या मनात हा काटा तेव्हाच रुतला असावा, कारण पुढे त्यांचे आयुष्य याच काट्याने वळले.

खेचरांवर लादलेले धन

१९ जुलै १९२९ रोजी राहुलजी ल्हासाला पोहोचले. तेथे नेपाळी बौद्ध व्यापाऱ्यांनी त्यांना आधार दिला. त्यांनी तिबेटी भाषेचा कसून अभ्यास केला, मोठमोठे विहार पाहिले, आठव्या शतकात आचार्य शांतरक्षितांच्या मार्गदर्शनाने उभारलेले सम्ये येथील विहार पाहिले. श्रीलंकेतील विद्यालंकार परिवेणाकडून ग्रंथखरेदीसाठी पैसे आले, त्यासाठी त्यांचे धम्मबंधू भदंत आनंद कौसल्यायन यांनी खटपट केली. १९३० मध्ये कंजूर, तंजूर, इतर तिबेटी ग्रंथ आणि थंका नावाची कापडावरील चित्रे खेचरांवर लादून राहुलजी कालिंपोंगमार्गे भारतात परतले. ही चित्रे पाटण्याच्या संग्रहालयात आहेत.

त्याच वर्षी श्रीलंकेत त्यांनी भिक्खुदीक्षा घेतली आणि राहुल हे बुद्धपुत्राचे नाव धारण केले. सांकृत्यायन हे आडनाव मात्र त्यांच्या जुन्या गोत्रावरून आले. म्हणजे सारे सोडणाऱ्या माणसाच्या नावातही जुन्याची एक खूण राहून गेली! आपल्यालाही हे नवे नाही.

यानंतर १९३४, १९३६ आणि १९३८ अशा आणखी तीन खेपा त्यांनी केल्या. दुसऱ्या खेपेला गेंदुन छोफेल हे तिबेटी विद्वान त्यांच्या सोबतीला होते. ल्हासाच्या उत्तरेस रेडिंग विहारापर्यंत आणि पुढे साक्या, ङोर, शलू या विहारांत ते हिंडले. या वेळी अंगावर भिकाऱ्याचे कपडे नव्हते. सभ्य प्रवासी म्हणून ते घोड्यावरून गेले. आणि गंमत पाहा. ज्या गावात १९२९ मध्ये भिकारी म्हणून आले असता चांगली जागा मिळाली होती, त्याच गावात पाच वर्षांनी घोडेस्वार म्हणून आले तेव्हा कोणी घरात घेईना. एका सर्वांत गरीब माणसाच्या झोपडीत रात्र काढावी लागली. पहिल्या वेळी सुमतींची ओळख होती. संध्याकाळी छङ् पिऊन गाव नशेत असले की प्रवाशाचे नशीब गावाच्या लहरीवर! घोड्याने मान मिळतोच असे नाही, आणि दार उघडते ते पुष्कळदा गरिबाचेच.

साक्या, ङोर, शलू येथे त्यांना ती ताडपत्रे सापडली, ज्यांसाठी एवढा खटाटोप होता. कुलपे उघडण्यासाठी महिनोन् महिने परवानग्या मिळवाव्या लागल्या. धुळीने माखलेल्या खोल्यांत गठ्ठे सोडून त्यांनी याद्या केल्या. थंडीत बसून हाताने नकला उतरल्या, शक्य तेथे छायाचित्रे घेतली. लोक सांगतात की ते सारी ताडपत्रे खेचरांवर घालून घेऊन आले. तसे नाही. खेचरांवरून आले ते प्रामुख्याने तिबेटी ग्रंथ व चित्रे. संस्कृत ताडपत्रे बहुतेक विहारांतच राहिली, आणि त्यांच्या नकला व छायाचित्रे पाटण्याच्या बिहार रिसर्च सोसायटीत जमा झाली. त्यावरूनच हे ग्रंथ छापले गेले. आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातील प्रा. वा. वि. गोखले यांनी वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या मूळ कारिका याच छायाचित्रांवरून १९४६ मध्ये प्रसिद्ध केल्या.

सर्वांत मोलाचा ठेवा म्हणजे सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांचा प्रमाणवार्तिक. त्याचे मूळ आणि त्यावरील भाष्ये राहुलजींनी एकामागून एक प्रकाशात आणली. कर्णकगोमी यांची टीका त्यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. या ग्रंथात धर्मकीर्तींनी बुद्धिमंदतेची काही लक्षणे मोजून दाखविली आहेत. वेदाला प्रमाण मानणे, जगाचा कोणी कर्ता आहे असे मानणे, स्नानाने पुण्य मिळते असे समजणे, जातीचा गर्व करणे, आणि पाप धुण्यासाठी देहाला क्लेश देणे. विचार करा. महाड आणि नागपूर घडण्याच्या तेराशे वर्षांपूर्वी याच भूमीतील एका बौद्ध आचार्याने जातीच्या गर्वाला मूर्खपणाच्या यादीत बसविले होते. जातीविरुद्धचे बंड बाहेरून आलेले नाही. त्याची लेखी साक्ष होती. पण ती हिमालयापलीकडे कुलुपात होती. ती आणण्यासाठी घोड्यावर बसून बर्फाचा घाट ओलांडावा लागला.

चीवर उतरले, काम सुटले नाही

पुढचा भाग काही बौद्ध लेखक टाळतात. आपण टाळू नये. राहुलजी आयुष्यभर भिक्खू राहिले नाहीत. सोव्हिएत रशियाला जाऊन आल्यावर त्यांनी चीवर सोडले, संसार केला, बिहारच्या शेतकऱ्यांच्या लढ्यात उतरले. १९३९ मध्ये अमवारी येथील सत्याग्रहात जमीनदाराच्या माणसाच्या लाठीने त्यांचे डोके फुटले. ते कम्युनिस्ट झाले, देवळीच्या छावणीत आणि हजारीबागच्या तुरुंगात राहिले. तुरुंगात त्यांनी वोल्गा से गंगा लिहिले, जे मराठीतही असंख्य वाचकांनी वाचले. भाषेच्या प्रश्नावर कम्युनिस्ट पक्षाशीही त्यांचे बिनसले.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करून बुद्धाचा मार्ग निवडला, हे तुम्ही जाणता. राहुलजींचा तोल दुसरीकडे गेला. या बाबतीत आपण त्यांच्या मागे जाणार नाही. पण त्यांच्या हातून झालेले धम्मकार्य त्यामुळे उणे होत नाही. मज्झिमनिकाय, दीघनिकाय, विनयपिटक, धम्मपद हे त्यांनी हिंदीत आणले आणि सामान्य माणसासाठी त्रिपिटकाचे दार उघडले. त्यांचे सहकारी भदंत आनंद कौसल्यायन यांनी पुढे बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ हिंदीत उतरविला आणि आयुष्याची अखेरची वर्षे नागपुरात घालविली. एकाने तिबेटातून ग्रंथ आणले. त्याच्याच मित्राने बाबासाहेबांचा ग्रंथ उत्तरेकडील घराघरांत नेला.

उतारवयात राहुलजी पुन्हा श्रीलंकेत, आपल्या जुन्या विद्यालंकारात, तत्त्वज्ञान शिकविण्यास गेले. मग एक क्रूर गोष्ट घडली. ज्याच्या डोक्यात शेकडो ग्रंथ होते, त्या माणसाची स्मृतीच गेली. मॉस्कोपर्यंत उपचार झाले, गुण आला नाही. हिमालयाच्या कुशीत, दार्जिलिंग येथे, १४ एप्रिल १९६३ रोजी त्यांनी देह ठेवला. होय, १४ एप्रिल. आपल्या वस्तीत निळे झेंडे लागतात, पहाटेपासून जयंतीची धांदल असते, तोच दिवस.

तेव्हा येत्या जयंतीला एवढे करा. मिरवणूक काढा, सभा करा, गोडधोड करा. आणि वस्तीच्या विहारात एक कपाट असेल तर ते उघडून पाहा, त्यात किती ग्रंथ आहेत आणि ते शेवटचे कोणी कधी हातात घेतले. कुलूप लागलेले असेल, किल्ली सापडत नसेल, पानांना वाळवी लागली असेल. नालंदा एकदा बाहेरून जळाली. आपली नालंदा आपल्याच कपाटात कुजू द्यायची का? आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांना जवळ बसवा आणि कोणीतरी दोन पाने मोठ्याने वाचा. आजीला अक्षर येत नसेल तर नातीने वाचावे आणि आजीने ऐकावे. ज्या ग्रंथांसाठी एका माणसाने भिकाऱ्याचा वेष घेतला, चोरांपुढे जीभ काढून दया भाकली आणि १६-१७ हजार फुटांचा घाट मंद घोड्यावरून ओलांडला, ते आज आपल्याला हाताच्या अंतरावर मिळतात. त्यासाठी आपल्याला फक्त कपाटापर्यंत चालायचे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!